विज्ञान आणि आरोग्याची पुस्तकं: रंगीत ज्ञानकोश घ्यायचा की करून बघायची पुस्तकं?

एसडीएमसीकडून (म्हणजे शाळेच्या विकास समितीकडून) लायब्ररीला थोडे पैसे मिळाले की आमच्या बेळगावकडच्या खानापूर-निपाणी भागातले मराठी शाळेचे शिक्षक हमखास विचारतात, विज्ञान आणि आरोग्याचं काय घेऊ. अभ्यासक्रमाचं पुस्तक सरकारकडून येतंच, त्यामुळे प्रश्न वरच्या पुस्तकांचा. त्यात ढोबळ दोन प्रकार आहेत, एक म्हणजे गुळगुळीत कागदाचे रंगीत ज्ञानकोश आणि त्यांच्याच घरातली 'सोपे प्रयोग' छापाची पुस्तकं, आणि दुसरी साधी, रेघांच्या चित्रांची, मुलांनी हाताने करून बघायची पुस्तकं. शनिवारी सकाळची शाळा सुटल्यावर मी चौथी ते सातवीची पोरं घेऊन बसतो तिथे दोन्ही वापरलीत, त्यावरून लिहितोय, तुमच्याकडचा अनुभव वेगळा असू शकतो.

रंगीत पुस्तकांचं आधी. पोरं ती आपणहून उचलतात, ही फार मोठी गोष्ट आहे. वाचायचा कंटाळा करणारा पोरगापण हृदयाचं आतलं चित्र उघडून बसतो आणि शेजारच्याला बोट लावून दाखवतो. शिवाय जवळ मोठं माणूस लागत नाही. जांबोटी-कणकुंबीकडच्या एखाद्या लहान शाळेत एकाच मास्तरांवर तीन-चार वर्ग असतील तर ह्याची किंमत कळते. फोटो खरंच चांगले असतात.

पण मला एक गोष्ट इतकी खटकली की तिथेच माझा कल ठरला. प्रयोगाच्या खालीच उत्तर छापलेलं असतं. प्रयोग, त्याखाली 'काय दिसेल', त्याखाली 'असे का होते', सगळं एकाच पानावर. ताटलीत पाणी, मधे पेटती मेणबत्ती, वर उलटा ग्लास, हा प्रयोग तुम्हाला माहीतच असेल. मेणबत्ती विझते, पाणी ग्लासात चढतं आणि खाली लिहिलेलं असतं, ऑक्सिजन संपला म्हणून त्याची जागा पाण्याने घेतली. पोरांनी ते वाचलं, वहीत उतरवलं आणि मोकळी झाली, ग्लासाकडे धड कुणी बघितलंच नाही. एकाला म्हणलं अरे नीट बघ की, तर म्हणतो, "सर, उत्तर खाली लिवलंय की."

आणि ते उत्तर बरोबर नाही! नीट बघितलं तर ग्लास ठेवताना कडेने बुडबुडे बाहेर येतात, कारण ज्योतीने तापलेली हवा फुगून निसटते. आणि पाणी भराभर चढतं ते मेणबत्ती विझल्यावर, आतली हवा गार होऊन आकसते तेव्हा. पुस्तक मिटून ठेवलं आणि त्याच ग्लासाखाली एकाऐवजी तीन मेणबत्त्या लावल्या, पाणी चांगलंच वर गेलं. मागे बसलेली एक पोरगी लगेच म्हणाली, "ग्लास तोच, मग ऑक्सिजन जास्त कुठनं आला?" हा प्रश्न पोरांच्या तोंडून यावा म्हणून तर आपण बसतो ना. छापलेलं उत्तर आधी वाचलं की तो येत नाही, आणि उत्तर चुकीचं असेल तर ते पोरांच्या डोक्यात वर्षानुवर्षं बसतं.

दुसऱ्या प्रकारात माझ्या हाताशी कायम असतं ते होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्राचं 'हलके-फुलके विज्ञान', तिसरी ते पाचवीसाठी. मिनी आणि अपू अशी दोन पोरं त्यात आहेत, पाठ्यपुस्तक, कार्यपुस्तिका आणि शिक्षकांचं पुस्तक वेगवेगळं. म्हणजे मुलाच्या हातात प्रश्न आणि मार्गदर्शन मास्तरांकडे. ही काही हवेतली कल्पना नाही, मध्य प्रदेशात होशंगाबादला 1972 ते 2002 सरकारी शाळांत विज्ञान असंच शिकवलं, मुलांच्या पुस्तकात तयार उत्तरं नव्हती आणि परीक्षेला पुस्तक उघडून बसायची मुभा होती.

आरोग्याच्या बाबतीत फरक अजूनच दिसतो. रंगीत पुस्तकात 'जेवणापूर्वी हात धुवा' वगैरे नियम चित्रासकट असतात, पोरं ते घडाघडा म्हणतात आणि अक्षर दासोहची (शाळेतल्या दुपारच्या जेवणाची) घंटा झाली की नळाला नुसती बोटं लावून ताटाकडे पळतात. त्याउलट डेव्हिड वर्नर आणि बिल बोवर यांच्या 1982 च्या 'Helping Health Workers Learn' ह्या इंग्रजी पुस्तकात (आरोग्य कार्यकर्त्यांना शिकवायचं पुस्तक आहे, पण त्यात शाळेतल्या मुलांसाठी वेगळा भाग आहे) भोपळ्याचं बाळ करायला सांगितलंय. भोपळा पोखरायचा, वर टाळूच्या जागी भोक पाडून त्यावर ओलं पातळ फडकं घालायचं, खाली बुडाला भोक पाडून बूच लावायचं आणि पाणी भरायचं. बूच काढलं की बाळाला जुलाब सुरू. पाणी कमी होईल तसं वरचं फडकं आत ओढलं जातं, तान्ह्या बाळाची टाळू खोल जाते तसंच. आम्ही दुधी भोपळ्याचं केलं. गेलं तेवढं पाणी परत घालायला पाहिजे हे पोरांनीच सांगितलं, मग एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, दोन्हीला चहाचा चमचा, हे माप त्यांच्या पक्कं लक्षात राहिलं. चाखून बघायचं, अश्रूंपेक्षा खारट लागलं तर ओतून द्यायचं. आमच्याकडे पावसाळ्यात गढूळ पाणी येतं तेव्हा हे घराघरात लागतं.

अडचणी आहेत, नाही म्हणत नाही. वर्नरचं पुस्तक इंग्रजीत, मास्तरांनाच वाचून सांगावं लागतं. करून बघायला वेळ जातो, पसारा होतो, आणि पालक विचारतात ह्याने मार्क वाढणार काय. लगेच वाढतील असं मी सांगणार नाही. आणि पोरांबरोबर बसायला खरंच कुणी नसेल तर उत्तर नसलेलं पुस्तक कपाटातच राहील, तिथे रंगीत एखादं घ्या, त्याला माझी ना नाही.

बसणारं एक जरी माणूस असेल तर मी म्हणेन पैसे दुसऱ्या बाजूला घाला. तसे ते फार लागतही नाहीत. 'हलके-फुलके' केंद्राच्या साइटवर फुकट आहे, वर्नरचं पुस्तकही नेटवर फुकट मिळतं, आणि टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी करणाऱ्या अरविंद गुप्तांच्या साइटवर मराठी पुस्तकांचा ढीगच आहे, काडेपेटीच्या काड्या आणि सायकलच्या व्हॉल्व्ह ट्यूबपासून सुरुवात करा. चित्रं रेघांची आहेत त्यामुळे साध्या झेरॉक्सवर छान उमटतात. शिक्षकांच्या पुस्तकाची प्रत मात्र सगळ्यात आधी काढा, आणि ती पोरांच्या कपाटात ठेवू नका.