हवेचे विरजण: ब्रुसेल्सच्या काँतियों ब्रुअरीतील एक सकाळ

ब्रुसेल्सच्या मिदी रेल्वे स्थानकातून बाहेर पडून आंडरलेख्तच्या बाजूला दहा-पंधरा मिनिटे चालले, की साध्या वस्तीतल्या एका रस्त्यावर काँतियों ब्रुअरीचे दार लागते. 1900 मध्ये पॉल काँतियों यांनी सुरू केलेला हा बिअरचा कारखाना आजही त्यांच्याच वंशजांच्या हाती असून 1978 पासून तो संग्रहालय म्हणूनही सर्वांना खुला आहे. आई-वडील काही आठवड्यांसाठी आमच्याकडे आले होते, तेव्हा फेब्रुवारीतल्या एका थंड सकाळी आम्ही तिघे तिथे गेलो. वडिलांची निफाडला द्राक्षबाग आहे, त्यामुळे ही जागा त्यांना दाखवावी असे फार दिवस मनात होते.

बिअर असो वा वाइन, आज बहुतेक ठिकाणी ती आंबवण्यासाठी प्रयोगशाळेत वाढवलेले निवडक यीस्ट घालतात, कारण त्यामुळे दर वेळी तीच चव हमखास मिळते. काँतियोंमध्ये असे कोणतेही विरजण बाहेरून घालत नाहीत. आंबोळीचे पीठ जसे रात्रभर झाकून ठेवले की आपोआप फुगून येते, तसेच इथले धान्याचे कढण हवेतल्या आणि वास्तूतल्या सूक्ष्मजीवांवर सोडून दिले जाते. या बिअरला लांबिक म्हणतात आणि ब्रुसेल्स व त्यालगतचे सेन नदीचे खोरे हे तिचे घर आहे. तिला ओळख देणाऱ्या एका यीस्टच्या शास्त्रीय नावातच ब्रुसेल्स शहर आहे: ब्रेटॅनोमायसिस ब्रुक्सेलेन्सिस.

संपूर्ण इमारतीत मला सर्वांत मोलाची वाटली ती छपराखालची खोली. खाली सुमारे 65 टक्के जवाचा माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेले जव, आणि 35 टक्के मोड न आणलेला गहू यांचे कढण होप्स, म्हणजे बिअरला कडवटपणा देणारी एका वेलीची फुले, घालून कित्येक तास उकळतात. हे होप्स मुद्दाम जुने, सुमारे तीन वर्षे ठेवलेले असतात, कारण तेवढ्या काळात त्यांचा कडवटपणा कमी होतो, पण बिअर नासवणाऱ्या जंतूंना आवरण्याचा गुण शिल्लक राहतो. मग ते उकळते कढण वर चढवून तांब्याच्या एका विस्तीर्ण, उथळ पात्रात ओततात. गुऱ्हाळातली काहील पाहिलेल्या माणसाला या पात्राची कल्पना लगेच येईल. फरक इतकाच, की हे पात्र चुलीवर चढवण्यासाठी नसून निवण्यासाठी आहे, आणि त्यात सुमारे साडेसात हजार लिटर कढण मावते. छपराच्या फटींतून येणारी रात्रीची थंड हवा त्यावरून वाहत राहते आणि सकाळपर्यंत कढण निवून वीस अंशांच्या आसपास येते. रात्रभरात त्यात जे उतरायचे ते उतरलेले असते. तुळयांवरची जळमटेही इथे काढत नाहीत, कारण काही बिअरमध्ये मुरवल्या जाणाऱ्या फळांच्या वासाने येणाऱ्या माश्या कोळीच आवरतात. आईने तिथला आंबूस, ओलसर वास घेतला आणि म्हणाली, “आपल्या आंबिलीच्या मडक्याला असाच वास यायचा.” त्या खोलीचे याहून नेमके वर्णन मला करता येणार नाही.

हे काम साधारण ऑक्टोबरअखेर ते एप्रिलच्या सुरुवातीपर्यंतच चालते, कारण उन्हाळ्यात कढण वेळेत निवत नाही आणि हवेत नको त्या जंतूंचे प्रमाण वाढते. 2015 च्या नोव्हेंबरमध्ये रात्री उबदार राहिल्यामुळे इथले उत्पादन थांबवावे लागले होते. ऋतूवर इतके अवलंबून असलेले उत्पादन पाहून अवकाळी पावसाची धास्ती बाळगणारे वडील बराच वेळ त्या पात्रापाशी उभे होते.

निवलेले कढण लाकडी पिंपांत भरले जाते. सुरुवातीच्या दिवसांत फेस इतक्या जोराने वर येतो, की पिंपाचे तोंड बंद करता येत नाही. पुढे साखरेची दारू करणारे यीस्ट, मग दह्यातल्यासारखे आम्ल तयार करणारे जिवाणू आणि सर्वांत शेवटी सावकाश काम करणारे ब्रेटॅनोमायसिस, अशी एकामागून एक पाळी लागते, आणि त्यात एक ते तीन वर्षे जातात.

फेरीच्या शेवटी चव घ्यायला मिळते. पिंपातली साधी लांबिक सपाट असते, तिला बुडबुडे नसतात आणि पहिल्या घोटाला आंबटपणा जिभेला झोंबतो. बिअर म्हणजे गार, कडवट, फेसाळ पेय अशी अपेक्षा घेऊन येणाऱ्याने इथे थोडा धीर धरावा. एक, दोन आणि तीन वर्षांच्या लांबिकचे मिश्रण करून बाटलीत पुन्हा आंबवलेली ग्यूझ मात्र मला निर्विवाद श्रेष्ठ वाटते. तिच्यात लिंबाच्या सालीचा, ओल्या लाकडाचा आणि किंचित गोठ्यातल्या गवताचा गंध आहे, आणि पाच टक्क्यांच्या आसपासच मद्यार्क असूनही चव दीर्घकाळ रेंगाळते. आंबट चेरी मुरवलेली क्रीक आईला आवडली. तिच्यात साखरेचा गोडवा नाही, आमसुलासारखा स्वच्छ आंबटपणा आहे, म्हणूनच ती मलाही पटली.

वडिलांनी निवडली ती सेंट लाम्विनस, म्हणजे मर्लो आणि काबर्ने फ्रँक जातीची द्राक्षे लांबिकमध्ये मुरवून केलेली बिअर. बिअर आणि वाइन यांच्या सीमेवरचे हे पेय त्यांनी अगदी सावकाश संपवले. “सालीचा तुरटपणा पूर्ण उतरलाय यात, घाई केलेली नाही,” एवढेच ते म्हणाले, आणि बागाईतदाराच्या तोंडून आलेला हा शेरा मी माझ्या मतापेक्षा वरचा मानतो.

जाऊ इच्छिणाऱ्यांनी शक्यतो हिवाळ्यात जावे, कारण मोसमाबाहेर ते तांब्याचे पात्र कोरडेच असते. आत गारठा असतो, म्हणून स्वेटर अंगावर ठेवावा. काही बाटल्या तिथेच बसून प्यायच्या असतात, त्या घरी नेता येत नाहीत. ज्यांची विक्री होते त्यांपैकी ग्यूझ आधी घ्यावी आणि उघडण्याची घाई करू नये, कारण थंड, अंधाऱ्या जागी आडवी ठेवलेली बाटली वर्षानुवर्षे मुरत राहते.