ओव्हलच्या अलीकडचा वॉक की पलीकडचा?

मुंबईत हेरिटेज वॉक करायचाय आणि हातात एकच संध्याकाळ आहे, तर फोर्टमधला गॉथिक (टोकदार कमानी, मनोरे, नक्षीकामाच्या इंग्रजकालीन इमारती) वॉक घ्यावा की चर्चगेट-मरीन ड्राइव्हचा आर्ट डेको (1930-40च्या दशकांतल्या साध्या, गोलसर वळणांच्या इमारती)? मी दोन्ही केलेत, डेकोवाला आईला घेऊन, म्हणून सांगते. 2018 पासून युनेस्कोच्या यादीत ओव्हल मैदानाच्या पूर्वेकडचं गॉथिक आणि पश्चिमेकडचं डेको मिळून एकच वारसास्थळ आहे, मधे फक्त मैदान.

आधी गॉथिक. आमचा वॉक सीएसएमटीपासून सुरू झाला. फ्रेडरिक स्टीव्हन्सची ही बिल्डिंग 1888 मध्ये पूर्ण झाली. गेटच्या एका खांबावर सिंह म्हणजे इंग्लंड, दुसऱ्यावर वाघ म्हणजे आपण, आणि भिंतींवर मोर, माकडं, पानंफुलं, त्यातलं बरंच काम जे.जे. कला महाविद्यालयाच्या विद्यार्थ्यांचं. आपण रोज खालून लोकल पकडायला पळतो आणि मान वर करत नाही, याचं खरंच वाईट वाटलं. पण वर्किंग डेला संध्याकाळी ऑफिसं सुटलेली असतात, अख्खी गर्दी समोरून स्टेशनकडे येत असते आणि दादाभाई नौरोजी रोडवर हॉर्न इतके की आमच्या गाइडचं अर्धं बोलणं मागच्यांना ऐकूच गेलं नाही. त्यामुळे हा वॉक रविवारीच करा. आणि जमलं तर ऊन असेपर्यंत ओव्हलवर पोचा, कारण हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर पश्चिमेला तोंड करून उभे आहेत आणि मावळतीचं ऊन थेट अंगावर आलं की टॉवरचा कुर्ल्याचा पिवळसर दगड अक्षरशः मधासारखा दिसतो. टॉवर 1878 चा, व्यापारी प्रेमचंद रायचंद यांनी पैसे दिले आणि स्वतःच्या आईचं नाव दिलं. तेव्हा या बिल्डिंगांसमोर समुद्र होता!

तो समुद्र मागे हटवून, बॅकबेला भरणी करून जी जमीन मिळाली तिच्यावर डेको उभं राहिलं. इथे गॉथिकसारखं भरगच्च नक्षीकाम नाही, त्यामुळे नुसतं चालत गेलात तर जुन्या बिल्डिंगा एवढंच दिसेल, म्हणून माझ्या मते गाइडचे पैसे खरे वसूल होतात ते याच वॉकमध्ये. गाइडने दाखवलं तेव्हा कळलं की बाल्कन्या बोटीच्या डेकसारख्या गोल का, खिडक्यांवर भुवयांसारखे छज्जे का (ऊन-पाऊस अडवायला), जिन्याच्या ग्रिलमध्ये लाटा आणि सूर्यकिरण कसे बसवलेत. इरॉस थिएटर 1938 चं. आणि 1933 चं रीगल थिएटर कोणी डिझाइन केलं माहितीये? चार्ल्स स्टीव्हन्सने, म्हणजे सीएसएमटीवाल्या स्टीव्हन्सच्या मुलाने. बापाने गॉथिक, मुलाने डेको, मला ही गोष्ट फार आवडली.

ओव्हलला लागून असलेल्या डेको बिल्डिंगा पूर्वेकडे तोंड करून आहेत, म्हणजे संध्याकाळी सावलीत, फोटोला जरा फिक्या. मरीन ड्राइव्हच्या मात्र समुद्राकडे बघतात, तिथे सूर्यास्ताला पोचायचं.

बाहेरगावचे पाहुणे असतील, पहिल्यांदाच मुंबई बघत असतील तर डोळे झाकून गॉथिक. मुंबईकर असाल किंवा सोबत वयस्कर माणसं असतील तर डेको, फूटपाथ बरे आणि शेवटी बसायला कट्टा. आईचे गुडघे दुखतात, तरी ती पूर्ण चालली. फक्त बुकिंग करताना आत नेणार की बाहेरूनच दाखवणार हे आधी विचारून घ्या, आमचं बहुतेक सगळं बाहेरूनच झालं.