युएफसी हॉल ऑफ फेम: मातीतल्या पैलवानानं नेमकं काय बघावं?

युएफसी ही ठोसे, लाथा आणि कुस्ती सगळं चालणाऱ्या मिश्र लढती भरवणारी अमेरिकन कंपनी. तिचं हॉल ऑफ फेम म्हणजे एका कंपनीनं आपल्याच आखाड्यातल्या लढवय्यांना दिलेला मान. हे पहिल्यांदा डोक्यात पक्कं बसवा, मग यादी उघडा. 2003 साली युएफसी 45 या स्पर्धेच्या वेळी रॉयस ग्रेसी आणि केन शॅमरॉक यांच्यापासून सुरुवात झाली. अमेरिकेत कॅनास्टोटाला बॉक्सिंगचं हॉल ऑफ फेम आहे, तिथं बॉक्सिंगवर लिहिणारे मतं टाकतात. इथं बाहेरच्यांचं मतदान नाही, नावं कंपनीच ठरवते.

2015 पासून चार मुख्य विभाग आहेत: पायोनियर, मॉडर्न, कॉन्ट्रिब्युटर आणि फाइट. पायोनियर आणि मॉडर्न यांची सीमारेषा 17 नोव्हेंबर 2000, म्हणजे युएफसी नव्या एकत्रित नियमांनी खेळायला लागली तो दिवस. त्याआधी व्यावसायिक पदार्पण झालं असेल तर पायोनियर, नंतर असेल तर मॉडर्न. पात्र ठरायला वय 35 किंवा निवृत्तीला एक वर्ष, यातलं एक पुरेसं. नियम साफ आहे, पण त्यामुळं काही नावं भलत्याच घरात जाऊन बसतात. अँडरसन सिल्वा युएफसीत आला 2006 साली, त्याचा सगळा दबदबा त्यानंतरचा, तरी तो पायोनियरमध्ये. नवख्यानं या दोन विभागांवरून काळाचा अंदाज बांधू नये.

कोल्हापूरच्या तालमीतल्या पोरांना खरा उपयोग आहे तो फाइट विभागाचा. इथं माणसाला नाही, अख्ख्या लढतीला मान मिळतो. खासबागेत गाजलेल्या जोडी लोक वर्षानुवर्षं आठवत राहतात, तेच काम इथं रीतसर केलंय.

त्यातही पहिली बघायची ती सिल्वा विरुद्ध चेल सॉनेन, युएफसी 117, 7 ऑगस्ट 2010. सॉनेन हा कुस्तीतून आलेला गडी. पट काढून सिल्वाला खाली घ्यायचा आणि वरून चेपत ठोसे लावायचे, हे त्यानं चार राउंड आणि पाचव्यातली तीन मिनिटं केलं. आपल्या नियमानं सिल्वा कितीतरी वेळा चितपट झाला असता. पाचव्या राउंडच्या 3 मिनिटं 10 सेकंदांवर त्याच सिल्वानं पाठीवर पडूनच ट्रँगल, म्हणजे पायांचा गळफास, लावला, हातही खेचला आणि सॉनेननं हार मानली.

ही जागा थांबवून थांबवून बघा. ट्रँगल लागायला वरच्याचा एक हात खालच्याच्या पायांच्या आत आणि दुसरा बाहेर असावा लागतो. मग एक पाय मानेवर आडवा येतो आणि त्याचा घोटा दुसऱ्या गुडघ्याच्या मागं अडकतो. मानेची एक बाजू मांडीनं दाबली जाते, दुसरी स्वतःच्याच खांद्यानं, आणि मेंदूकडं जाणारं रक्त अडतं. पैलवान यात सापडतो, कारण वर आल्यावर डोकं समोरच्याच्या छातीत रुतवून भार टाकायची त्याची सवय. समोरच्याची पाठ लागली की काम संपलं, हे अंगात मुरलेलं असतं. सुटका हवी तर दोन्ही हात आत ठेवा नाहीतर दोन्ही बाहेर, आणि पाठ ताठ करून डोकं वर. मान एकदा खाली खेचली गेली की नुसत्या ताकदीनं निघणं फार अवघड.

एक गोष्ट मात्र खटकते. त्या लढतीनंतर सॉनेनच्या चाचणीत टेस्टोस्टेरॉनचं प्रमाण जास्त निघालं आणि कॅलिफोर्नियात लढतींवर देखरेख करणाऱ्या कमिशननं त्याला निलंबित केलं. लढत थरारक होती यात वाद नाही, पण मान देताना हेही ठळकपणे सांगायलाच हवं.

दुसरी, मार्क कोलमन विरुद्ध पीट विल्यम्स, युएफसी 17, 1998. कोलमन ऑलिंपिक खेळलेला, युएफसीचा पहिला हेवीवेट चॅम्पियन. 12 मिनिटं संपली तेव्हा त्याचा दम पार सुटला होता, हात खाली आले होते, आणि जादा वेळेच्या 38 व्या सेकंदाला डोक्यावर लाथ बसून तो आडवा झाला. जोर-बैठकांवरचा दम आणि ठोसे खात पट मारत राहायचा दम यात किती फरक आहे, ते इथं कळतं.

ग्रिफिन-बॉनर (2005) ही या विभागातली पहिली लढत. गाजली खूप, पण डाव शिकायला फारसं काही नाही. जोन्स-गुस्टाफसन (2013) मात्र सोडू नका. युएफसीत जोन्सला पहिल्यांदा खाली घेतलं ते गुस्टाफसननं, आणि ठोशांच्या आडून पटात कसं शिरायचं ते त्यात नीट दिसतं.

नवे मानकरी लास वेगासच्या इंटरनॅशनल फाइट वीकमध्ये सामील करतात. तिथली संध्याकाळ म्हणजे आपली दुसऱ्या दिवसाची सकाळ. सोहळा भाषणांचाच असतो, इंग्रजीचा कंटाळा असेल तर सोडला तरी चालेल.

आणि यादीत नसलेली एक लढतही शोधून बघाच. डिसेंबर 1997, जपान. फ्रँक शॅमरॉक विरुद्ध केव्हिन जॅक्सन. जॅक्सन 1992 च्या बार्सिलोना ऑलिंपिकचा कुस्तीतला सुवर्णपदक विजेता, आणि 16 सेकंदांत आर्मबारमध्ये, म्हणजे कोपर उलटं ताणायच्या डावात, सापडला. शॅमरॉकनं या लढतीत जिंकलेला किताब नंतर चार वेळा राखला, तरी हॉल सुरू झाल्यावरच्या पहिल्या दोन दशकांत त्याचं नाव आलं नाही.