फायरफॉक्स उघडेना: स्नॅपच ठेवायचा, डेब टाकायचा की फ्लॅटपॅक?

माझ्या मावसभावाने निपाणीत ऑनलाईन अर्जांचं दुकान टाकलंय. दोन जुने पीसी, दोन्हीवर उबुंटू (विंडोजऐवजी चालणाऱ्या लिनक्सची एक जात). परवा सकाळी सव्वानऊला त्याचा फोन. "अण्णा, फायरफॉक्स आधीच चालू आहे म्हणतंय, आणि दिसत तर कुठंच नाही. बाहेर उताऱ्याला चौघं उभी आहेत." ते दहा मिनिटांत मिटलं. मग त्याने खरा प्रश्न विचारला: हाच ठेवू, की काढून दुसऱ्या पद्धतीने टाकू? स्नॅप, डेब आणि फ्लॅटपॅक या लिनक्सवर प्रोग्राम टाकायच्या तीन पद्धती, आणि त्याच्याकडे होता स्नॅप.

आधी ती दहा मिनिटं सांगतो, कारण ब्राउझर कुठल्याही पद्धतीने टाकलेला असो, सुरुवात इथूनच करायची. आयकॉनवर पुन्हापुन्हा क्लिक करणं बंद करा, टर्मिनल (आज्ञा टाइप करायची खिडकी) उघडा आणि तिथून फायरफॉक्स चालवा. आयकॉन मुका असतो, टर्मिनल निदान तक्रार तरी सांगतं. "आधीच चालू आहे" आलं की बहुतेक जण लॉक फाईल (प्रोफाइल वापरात असल्याची खूण) उडवायला धावतात. पण बहुतेक वेळा जुनी प्रोसेस, म्हणजे आधी उघडलेला फायरफॉक्सच, मागे अडकून पडलेली असते. तिला किल करा, म्हणजे जबरदस्तीने बंद करा, झालं. मावसभावाकडे तेच होतं. त्यानंतर डिस्क भरलीय का ते बघा. स्कॅन केलेल्या आधार कार्डांनी होम फोल्डर तुडुंब भरला की ब्राउझर काय उघडणार? तरीही नाही, तर फायरफॉक्सच्या पुढे डॅश आणि कॅपिटल पी देऊन प्रोफाइल मॅनेजर उघडा आणि नवं प्रोफाइल (बुकमार्क, पासवर्ड ठेवायचा फोल्डर) बनवा. नव्यात चाललं तर बिघाड जुन्या प्रोफाइलमध्ये आहे, आणि मग स्नॅप काढून डेब टाकणं म्हणजे नळ गळतोय म्हणून टाकी बदलणं.

आता निवड.

उबुंटू २२.०४ पासून फायरफॉक्स येतो तो स्नॅपच. एपीटीने (उबुंटूची प्रोग्राम आणायची आज्ञा) मागितला तरी पुन्हा स्नॅपच हातात पडतो. याच्यावर लोक फार तोंडसुख घेतात, आणि जुन्या फिरत्या हार्डडिस्कवर त्यांचं खरं आहे: पॅकेज दाबून भरलेलं असतं, मशीन चालू केल्यावरचं पहिलं उघडणं रेंगाळतं. माणसाला वाटतं बंद पडलं, तो आणखी चार क्लिक करतो. पण बिघाडाच्या दिवशी स्नॅपची एक गोष्ट कामाची: मागची आवृत्ती मशीनवरच राखून ठेवलेली असते, रिव्हर्टची एक आज्ञा आणि कालचा फायरफॉक्स परत. एक मेख आहे. प्रोफाइल नव्या आवृत्तीने वापरलेलं असतं आणि फायरफॉक्स ६७ पासून जुन्या आवृत्तीला ते उघडू दिलं जात नाही, नवं प्रोफाइल बनव म्हणून सांगतो. त्याला दोन डॅश देऊन अलाऊ-डाउनग्रेड सांगावं लागतं, आणि तेही प्रोफाइलची नक्कल बाजूला ठेवूनच.

डेब म्हणजे मोझिलाच्या स्वतःच्या एपीटी भांडारातून घेतलेला. जानेवारी २०२४ मध्ये आवृत्ती १२२ बरोबर तो सगळ्यांसाठी खुला झाला. उघडतो चटकन, प्रोफाइल होममधल्या लपलेल्या फोल्डरात, सगळं ओळखीच्या जागी. लावताना मात्र दोन ठिकाणी पाय घसरतो. पहिलं: मोझिलाच्या भांडाराला एपीटीत प्राधान्य १००० द्यायला विसरलात, तर उबुंटूचं नावापुरतं पॅकेज आवृत्तीच्या आकड्यात वरचढ ठरतं आणि फिरून स्नॅप हजर.

दुसऱ्यात मी स्वतः पडलोय. स्नॅपचं प्रोफाइल होममधल्या स्नॅप फोल्डरात, फायरफॉक्स आणि कॉमनच्या आत असतं. ते डेबच्या जागी हाताने आणावं लागतं. मी घाईत सुडो लावून, म्हणजे मशीनच्या मुख्य खात्याच्या (रूटच्या) अधिकाराने, कॉपी केलं. फाईली रूटच्या मालकीच्या झाल्या, आणि चालू करताच उत्तर आलं की प्रोफाइल लोड करता येत नाही, ते हरवलंय किंवा हाताला लागत नाही. फोल्डर समोर दिसतोय, आणि हा म्हणतो हरवलंय! अर्धा तास गेला. मग एलएस (फाईलींची यादी दाखवणारी आज्ञा) लावून पाहिलं तर प्रत्येक ओळीवर रूट, रूट, रूट. सी-एच-ओन करून मालकी स्वतःकडे घेतली तेव्हा उघडलं, तेही कोऱ्या प्रोफाइलमध्ये, कारण प्रत्येक नव्या इन्स्टॉलला फायरफॉक्स आपलं वेगळं प्रोफाइल देतो. प्रोफाइल मॅनेजरमध्ये जुनं निवडलं आणि बुकमार्क दिसले. स्नॅप काढताना घाबरू नका, पर्ज (डेटासकट पुसायची खूण) तेवढं लावू नका. साध्या रिमूव्हने स्नॅपडी, म्हणजे स्नॅप सांभाळणारा प्रोग्राम, डेटाची प्रत ३१ दिवस ठेवतो.

फ्लॅटपॅकचं मी फार ताणत नाही. बरा आहे, पण उबुंटूवर आधी फ्लॅटपॅकच बसवा, मग रनटाइमचे (त्याला लागणाऱ्या आधाराच्या फाईलींचे) शेकडो एमबी उतरवा. खानापूर भागात पावसाळ्यात नेट लुकलुकतं तेव्हा हे कोण करतंय? मिंट (लिनक्सचीच दुसरी जात) वापरणाऱ्यांना तर हा प्रश्नच नाही, तिथं फायरफॉक्स डेबच येतो. आणि पीसी जुन्या ३२ बिट प्रोसेसरचा असेल तर फायरफॉक्सच्या आवृत्ती १४५ पासून मोझिलाने लिनक्सवर तो सोडलाच, क्रोमने २०१६ मध्येच सोडला होता.

मावसभावाला मी सांगितलं: हार्डडिस्कच्या पीसीवर डेब टाक, एसएसडीच्या पीसीवर स्नॅप चालतोय, त्याला हात लावू नकोस. तुम्ही दुकानात नसताना मशीन दुसऱ्याच्या हातात असेल, तरीही स्नॅपच बरा, स्वतःचं स्वतः अपडेट होतो. आणि दोन्हीवर क्रोम जोडीला हवाच, गिऱ्हाईक उभं असताना कुणी दुरुस्ती करत नाही.

त्याने ऐकलं, क्रोम टाकला, वर हौसेने पीसीचं नाव बदलून 'काउंटर-दोन' ठेवलं. तेवढ्यात लाईट गेली, क्रोम उघडाच होता. लाईट आल्यावर क्रोम म्हणतो, हे प्रोफाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर वापरात आहे. क्रोमच्या लॉकमध्ये मशीनचं नाव लिहिलेलं असतं, आणि तिथं जुनंच नाव होतं. इथं मात्र ती लॉक फाईलच उडवायची. पुन्हा फोन. "अण्णा, दुसरा कॉम्प्युटर कुठला? मी तर एकटाच आहे हितं."