मखमलाबादची मिसळ आणि नाशिककरांचा दावा

नाशिकमध्ये जन्मून, इथेच नोकरी करून आणि इथेच घर घेऊन हे शहर मला आवडत नाही असे मी म्हणते, तेव्हा समोरचे माणूस बहुधा तीन गोष्टी पुढे करते: हवा, गंगा आणि मिसळ. हवा ही समुद्रसपाटीपासूनच्या सुमारे 600 मीटर उंचीची देणगी आहे, ती कोणा नाशिककराने घडवलेली नाही. गंगेची, म्हणजे आपल्या गोदावरीची, आजची अवस्था पाहता तिचे नाव शहराच्या बचावासाठी घेणे मला पटत नाही. उरते मिसळ, आणि ती मात्र चाखून तपासता येते. म्हणून मखमलाबाद गावाच्या पुढे, द्राक्षमळ्यांच्या बाजूला असलेल्या एका मिसळ केंद्राविषयी सविस्तर लिहिते आहे. नाव देत नाही, कारण या बाजूची बरीचशी ठिकाणे साधारण एकाच घडणीची आहेत आणि मला जे म्हणायचे आहे ते त्या सर्वांना लागू पडते. ताई, दाजी, आत्या आणि मी असे आम्ही घरचे लोक तिथे बरेचदा जातो, आणि नाशिक चांगले की वाईट हा आमचा वादही तिथेच रंगतो.

आधी मिसळीविषयी. ताटात मटकीची उसळ, शेव-फरसाण, बारीक चिरलेला कांदा, लिंबू, दही, भाजलेला पापड, दोन पाव आणि एका खोलगट वाटीत रस्सा, अशी मांडणी असते. सगळे वेगवेगळे येत असल्यामुळे ज्याने त्याने आपापल्या अंदाजाने मिसळ लावून घ्यायची. रस्सा काळ्या मसाल्याचा आहे. सुके खोबरे आणि कांदा पुरता काळपट होईपर्यंत, पण जळू न देता भाजला आहे हे पहिल्याच घासाला कळते, कारण आधी खमंगपणा जाणवतो आणि तिखट मागाहून, घशापाशी, सावकाश पोहोचते. तर्री भरपूर असली तरी जेवण झाल्यावर ओठांवर तेलाचा थर राहत नाही. मटकीला मोड नुकते फुटलेले असतात. दाणा अखंड असतो आणि तरीही दाताखाली मऊ लागतो. ज्यांनी घरी मटकी शिजवली आहे त्यांना हे साधणे किती नाजूक काम आहे ते माहीत असेल. शेव जरा जाड आहे, त्यामुळे रस्सा ओतल्यावर तिचा लगेच लगदा होत नाही. पाव सकाळी आठच्या सुमारास ताजा असतो, दहानंतर तो कडेने कोरडा पडू लागतो. सोबत मागवायची जिलेबी मात्र सामान्य आहे. ती आधीच तळून ठेवलेली असते आणि पाक आतपर्यंत मुरलेला नसतो.

वाढणारी माणसे ही या ठिकाणाची खरी जमेची बाजू आहे. रस्सा वाढणारे एक वयस्क गृहस्थ स्टीलची बादली घेऊन पंगतीतून फिरत असतात. वाटी अर्धी झाली की ते न मागता वाढतात, आणि लहान मूल बसलेले दिसले की पळीने तर्री बाजूला सारून खालचा सौम्य रस्सा त्याच्या वाटीत घालतात. रविवारी शंभरेक माणसे खोळंबलेली असतानाही त्यांनी हे केलेले मी पाहिले आहे. इतकी नजर मोठ्या हॉटेलांतही सहसा दिसत नाही.

बसण्याची व्यवस्था मात्र तरण्याताठ्यांचा विचार करून केली आहे. शेणाने सारवलेले ओटे, बाजा, झाडाला टांगलेले झोके, मुलांसाठी बैलगाडीची फेरी हे सगळे छायाचित्रात छान दिसते, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला ओट्यावरून उठवायला दोघांचे हात लागतात. साधी टेबले-खुर्च्या आहेत त्या भटारखान्याजवळ, धुराच्या तोंडावर. स्वच्छतागृह गर्दीच्या मानाने अपुरे आहे आणि रविवारी अकरानंतर तिथे पाणी नसते. ताटाचा भाव गावातल्या साध्या मिसळीच्या जवळजवळ दुप्पट पडतो. रस्सा हवा तेवढा मिळतो आणि मळ्याची मोकळी हवा मिळते, हे धरले तर तो भाव मला अवाजवी वाटत नाही.

याच हवेत बसून दाजी नाशिकची बाजू मांडतात. "अगं, हा मळा, ही हवा, आणि अर्ध्या तासात माणूस घरी. पुण्यात मिळेल का तुला हे?" दाजींच्या म्हणण्यात खोटे काही नाही. माझा आक्षेप वेगळा आहे आणि तो या मिसळ केंद्रावर बसल्यावर अधिक स्पष्ट होतो: नाशिकचे म्हणून जे जे चांगले मला दाखवले जाते, ते जवळजवळ सगळे नाशिकच्या बाहेर आहे. मिसळ खायला मखमलाबादच्या पुढे जायचे. द्राक्षांचे मळे दिंडोरी, निफाड, पिंपळगाव बसवंतला. वाइनरी पाहायची तर गंगापूर धरणाच्या बाजूला. पाऊस अनुभवायला त्र्यंबकेश्वर, अंजनेरी किंवा इगतपुरी, देवीला वणीचा गड, पक्षी पाहायला नांदूरमध्यमेश्वर, जे 2020 साली महाराष्ट्रातले पहिले रामसर स्थळ ठरले. शहराची थोरवी सांगताना प्रत्येक वाक्य शहराची वेस ओलांडते. पाहुणा दोन दिवसांसाठी येतो, त्याला हे सारे उत्तम आहे. राहणाऱ्याचे आयुष्य मात्र कामाच्या दिवशी संध्याकाळी सहा वाजता शहरातल्या द्वारका चौकाच्या वाहतूक कोंडीत जाते, आणि त्या वेळी त्याला वणीचा गड किती अंतरावर आहे याने काही फरक पडत नाही.

यावर ताईचे उत्तर ठरलेले असते: "लहान गाव आहे आपले, जरा सांभाळून घ्यावे." परंतु 2011 च्या जनगणनेत नाशिक महापालिका हद्दीची लोकसंख्या 14,86,053 होती. इतक्या माणसांच्या शहराला लहान गाव म्हणून सवलत मागणे मला अन्यायाचे वाटते, आणि तो अन्याय याच शहरातल्या माणसांवर होतो. 2021 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात नाशिकच्या मेट्रोसाठी 2,092 कोटी रुपयांची घोषणा झाली, तेव्हा आमच्या घरी पेढे वाटले गेले होते. आजही नाशिकरोड स्थानकावरून गावात यायला रस्त्याशिवाय पर्याय नाही. सातपूर आणि अंबडच्या औद्योगिक वसाहतींनी, ओझरच्या विमान कारखान्याने आणि नाशिकरोडच्या छापखान्यांनी आमच्या आधीच्या पिढीची घरे उभी केली हे मी कृतज्ञतेने मान्य करते, परंतु दाजींचा स्वतःचा मुलगा आज पुण्याजवळ हिंजवडीत आहे, आणि मुंबईत नोकरी करणारी माझ्या ओळखीची माणसे पहाटे उठून पंचवटी एक्स्प्रेस गाठतात व रात्री परततात. नोकरीसाठी कुठेही जावेच लागते, असे दाजी म्हणतात. ते खरे असले तरी शहराची बाजू घेताना शहर सोडून गेलेल्यांचा विचार व्हायला हवा, कारण त्यांनी तोंडाने वाद न घालता आपले मत दिलेले असते.

गंगेविषयी मला सर्वांत जास्त वाईट वाटते, म्हणून ते थोडे सविस्तर लिहिते. माझे बालपण पंचवटीत गेले. "गंगेवर जाऊन येते" हे आमच्या घरातले रोजचे वाक्य होते. ब्रह्मगिरीवर उगम पावलेली ही नदी जेमतेम तीसेक किलोमीटर वाहून आमच्यापर्यंत येते, म्हणजे तिला मलिन करण्याचे काम करायला वरच्या अंगाला फारशी मोठी शहरे नाहीत. जे होते ते बहुतांशी आमच्याच हातून होते. रामकुंडाच्या परिसरात पात्राचा तळ काँक्रीटने झाकला गेला आणि पात्रातले जिवंत झरे त्याखाली बंद झाले, ही गोदाप्रेमींची तक्रार आहे व त्यासाठी ते न्यायालयापर्यंत गेले. उन्हाळ्यात पात्रावर पानवेली पसरते. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग वाढला, की नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीला कुठवर पाणी आले ते पाहायला गर्दी लोटते, आणि नदी त्या दिवसांपुरती पुन्हा आमची होते. एरवी तिची आठवण बारा वर्षांनी येते. 2003 च्या आणि 2015 च्या सिंहस्थ कुंभमेळ्यात रस्ते झाले, घाट झाले, आणि आता 2027 साठीही कामे चालली आहेत. यात्रेकरूंसाठी जे होते ते आम्हालाही वापरायला मिळते, हा ताईचा मुद्दा बरोबर आहे. पण रोज राहणाऱ्याची सोय ही येणाऱ्याच्या सोयीचे उरलेसुरले असावी, ही रीत मला मान्य नाही. 2025 च्या अखेरीस साधुग्रामासाठी, म्हणजे कुंभमेळ्याला येणाऱ्या साधूंच्या मुक्कामासाठी, तपोवनातली झाडे तोडण्याचा प्रस्ताव आला, तेव्हा विरोध करायला जे नाशिककर रस्त्यावर उतरले, त्यांच्याविषयी मला मनापासून आदर वाटतो. शहरावर प्रेम आहे असे म्हणण्याचा अधिकार मला त्यांचा वाटतो.

आता आत्याविषयी लिहिते, कारण आमच्या वादात नाशिकची सर्वांत कडवी पाठीराखी तीच आहे. तिचे उभे आयुष्य पंचवटीत गेले आणि नाशिकबद्दल वाकडा शब्द ती ऐकून घेत नाही. या मिसळीवर तिचा फार जीव आहे; मटकी पाहूनच तिला मोड किती तासांचे आहेत ते सांगता येते. परंतु इथे येणे तिच्या हातात नाही. ती गाडी चालवत नाही. मुख्य रस्त्यावरून मळ्यापर्यंतची वाट कच्ची आणि लांब आहे, रिक्षा ठरवली तर जाण्याचे पैसे अवाच्या सवा पडतात आणि परत यायला रिक्षा मिळत नाही. "तुम्ही न्याल तेव्हा मी येईन," असे ती म्हणते, आणि ते तिला अगदी सहज वाटते. मला ते सहज वाटत नाही. नाशिकचे चांगलेपण हे ज्याच्या दाराशी गाडी आहे त्याच्या वाट्याला येते. वयस्क माणसे, शाळकरी मुले आणि गाडी परवडत नाही अशी कुटुंबे यांच्या वाट्याला फक्त हवा येते. दाजींचे "अर्ध्या तासात घरी" हे चारचाकीच्या अंदाजाने मोजलेले आहे.

शहराच्या आत काहीच नाही, असे मात्र मी म्हणणार नाही. जुन्या नाशकात रंगपंचमीला पेशवेकालीन रहाडी, म्हणजे जमिनीत बांधलेले हौद, उघडतात, फुलांपासून केलेल्या रंगाने त्या भरतात आणि गल्लीतली पोरे आळीपाळीने त्यात धप्पा मारतात. हे दृश्य मी दुसऱ्या कोणत्याही शहरात पाहिलेले नाही, आणि त्यासाठी कुणाला गाडी काढावी लागत नाही. 1840 साली स्थापन झालेले सार्वजनिक वाचनालय भर वस्तीत आहे. दाजी या दोन गोष्टी कधी सांगत नाहीत, ते हवा आणि मळेच सांगतात. त्यांनी रहाडी आणि वाचनालय सांगितले असते, तर माझा विरोध पुष्कळ सौम्य झाला असता, कारण या गोष्टी माणसांनी केल्या, टिकवल्या आणि चालत जाता येईल अशा अंतरावर ठेवल्या.

या मिसळ केंद्राला मी चवीसाठी पाचपैकी साडेचार गुण देईन, वाढण्यासाठी पाच आणि बसण्याच्या सोयीसाठी दोन. शहराचा पुरावा म्हणून ही मिसळ मला पुरेशी वाटत नाही, तरी मिसळ म्हणून ती नाशिकमधल्या उत्तमांपैकी आहे, आणि या दोन गोष्टी वेगळ्या ठेवल्या पाहिजेत. जायचे असल्यास रविवार टाळावा आणि नऊच्या आत पोहोचावे, म्हणजे पाव ताजा मिळतो आणि खोळंबावे लागत नाही. घरात किंवा शेजारी गाडी न चालवणारे कोणी वडीलधारे माणूस असेल, तर त्यांना आवर्जून सोबत न्यावे, आणि पोहोचल्याबरोबर पाठ टेकेल अशी खुर्ची भटारखान्यापासून दूर, आंब्याखाली मांडून मागावी. मागितली तर ते देतात. आत्यासाठी आम्ही दर वेळी मागून घेतो.