‘इनोफेडर बसवलाय’ म्हणून घेतला, आत निघाला कार्बनचा फेडर

जुना दोन चॅनलचा डीजे मिक्सर, ‘स्क्रॅचसाठी एकदम तयार, इनोफेडर बसवलाय’ असं सांगून विकला गेला. स्क्रॅच म्हणजे रेकॉर्ड हाताने पुढे-मागे फिरवून आवाज काढणं, आणि इनोफेडर हा क्रॉसफेडरचा एक ब्रँड. व्हिडिओत क्रॉसफेडर (एका चॅनलवरून दुसऱ्यावर आवाज नेणारी आडवी सरकती दांडी) सुळकन सरकत होता, खरखर नावाला नव्हती. आठवड्याभरात फेडर पूर्ण बंद बाजूला असतानाही गाणं बारीक झिरपू लागलं. क्रॅब (बोटांनी फेडर झटपट उघड-बंद करणं) मारताना मधलेच कट गायब.

नॉब ओढून काढला, वरची प्लेट सोडवली, फेडरचे स्क्रू काढले. आत साधी काळी कार्बनची पट्टी, तिच्यावर घासून पडलेल्या दोन चकचकीत रेघा आणि कडेला साचलेला काळपट ओशटपणा. खरा इनोफेडर कपॅसिटिव्ह असतो. तो न घासता जागा ओळखतो, त्यामुळे झिजायला अशी पट्टीच नसते. इथे झिजलेल्या पट्टीवर कॉन्टॅक्ट क्लीनर मारला होता. त्याने खरखर काही दिवस दबते, पण झिजलेला कार्बन परत येत नाही. शिवाय मूळचं वंगणही धुतलं जातं.

कार्बनचा फेडर वाईट असतो असं नाही. नुमार्क एम2सारख्या साध्या मिक्सरमध्ये तो सहज बदलता येतो, आणि शिकायला तेवढं पुरतं. पण मग पैसेही तेवढेच द्यावेत. इथे न बसवलेल्या फेडरची किंमत वसूल केली गेली, ही खरी फसवणूक.

घेण्याआधी कर्व्ह, म्हणजे फेडर सरकवल्यावर आवाज किती झटकन उघडतो ते ठरवणारं बटण, सगळ्यात तीव्र करा. चॅनल एकवर गाणं मोठ्यानं लावा, दोन रिकामा ठेवा, क्रॉसफेडर दोनकडे टेकवा आणि हेडफोनवर मास्टर (मिक्सरमधून बाहेर जाणारा अंतिम आवाज) ऐका. काहीही ऐकू आलं तर गळती आहे. मग नॉब काढून फेडरची दांडी आणि खाचेचं टोक यांच्यामध्ये दोन एटीएम कार्डं सरकवा. एक कार्ड 0.76 मिमी, म्हणजे दोन मिळून साधारण दीड मिलिमीटर. एवढ्या अंतरात आवाज पूर्ण उघडला नाही, तर ट्रान्सफॉर्मर आणि चर्प हे स्क्रॅचचे प्रकार करताना हात नुसता झिजतो. कर्व्हचं बटणच नसलेला मिक्सर गाणी जोडायला ठीक, स्क्रॅचला नको.

विकणारा मोबाईल फोन लाईन इनपुटला जोडून दाखवतो, त्यात फोनो प्रीअँप (टर्नटेबलचा क्षीण आवाज वाढवणारा भाग) तपासलाच जात नाही. टर्नटेबल घेऊन जा, ग्राउंडची वायर लावा, दोन्ही चॅनल फोनोवर वाजवा. डावं-उजवं दोन्ही यायला हवं.

अमेरिकेतून आलेल्या मिक्सरची मागची पट्टी वाचा. फक्त 120 व्होल्ट लिहिलं असेल तर आपल्या 230 व्होल्टवर थेट लावायचा नाही, स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो. बाहेरचा अडॅप्टर असेल तर त्याचं आउटपुट एसी आहे की डीसी तेही पाहा, पिन बसली म्हणून चालत नाही.

लांबून मागवत असाल तर उघड्या फेडरचा फोटो मागा, शेजारी त्याच दिवसाची तारीख लिहिलेला कागद ठेवून. ‘उघडलं तर बिघडेल’ असं उत्तर आलं, तर पैसे पाठवू नका. नॉब आणि चार स्क्रू काढून काही बिघडत नाही.