हातातल्या जीपीएस यंत्राचा आठ महिन्यांचा अनुभव : घाटरस्ते आणि डोंगरवाटा

गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात मी मुठीत मावणारे, बटणांचे जीपीएस यंत्र २२,००० रुपयांना घेतले आणि जानेवारीअखेरपर्यंत ते गाडीत, पावसात, गडांवर आणि घाटवाटांवर, दुरुस्तीचे पाच आठवडे सोडले तर, सतत वापरले. घेण्यापूर्वी भेटेल त्याने एकच प्रश्न विचारला होता : खिशात फोन असताना हे कशाला? प्रश्न रास्त होता. आठ महिन्यांनंतर माझे उत्तर असे आहे की गाडीसाठी ते खरोखरच नको, डोंगरासाठी हवे, पण ज्या कारणासाठी मी ते घेतले त्या कारणासाठी नव्हे. कंपनीचे नाव मुद्दाम दिलेले नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या जातीच्या कोणत्याही यंत्राला लागू पडतात.

मी ते घेतले होते ते ‘फोनपेक्षा जास्त अचूक’ असेल म्हणून, आणि हा समज पहिल्या महिन्यातच गळून पडला. मोकळ्या माळावर दोन्ही शेजारी ठेवले तर दोहोंनी दाखवलेल्या जागांत तीन ते पाच मीटरांपेक्षा जास्त फरक पडत नाही. रेंज नसली की फोनचे जीपीएस बंद पडते, हाही तसाच एक पसरलेला गैरसमज आहे. सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरणाऱ्या उपग्रहांचे संदेश ऐकायला मोबाइलचा मनोरा लागत नाही. निदान चार उपग्रह नीट ऐकू आले की जागा आणि उंची काढता येते. रेंजचा उपयोग दोनच ठिकाणी होतो. एक म्हणजे नकाशा आधी उतरवून ठेवलेला नसेल तर तो मागवायला, आणि दुसरा म्हणजे कोणता उपग्रह कोठे आहे याची माहिती चटकन मिळवायला. माझ्या यंत्राला ही दुसरी माहिती थेट आकाशातून घ्यावी लागते, म्हणून ते बरेच दिवस बंद ठेवून नव्या जागी सुरू केले की मिनिटे जातात. पहिल्या दिवशी घराच्या गॅलरीत धरून उभा राहिलो तेव्हा यंत्र बिघडलेलेच आले असावे, अशी माझी खात्री झाली होती. गच्चीवर गेल्यावर ते सुरळीत झाले.

मग फरक पडतो कोठे, तर जुलैत हरिश्चंद्रगडावर पडला. खिरेश्वरहून टोलार खिंडीमार्गे चढलो होतो. खिंडीच्या वर गडावरच्या मंदिरापर्यंत एकामागून एक टेकाडे आणि ओढे लागतात, सगळे एकाच तोंडवळ्याचे. परतताना दुपारी दोनच्या सुमारास धुके असे उतरले की पुढच्या माणसाची पाठपिशवी दिसेना. आम्ही दोनदा त्याच कातळावर येऊन पोहोचलो, आणि आमच्यातल्या एकाने चकवा लागल्याचे हसत जाहीर केले, पण त्याचे हसणे फार वेळ टिकले नाही. फोन काढला तर काचेवर पडणारा प्रत्येक थेंब त्याला बोटासारखा वाटत होता. नकाशा आपोआप सरकत होता, मोठा होत होता, मध्येच कॅमेरा उघडत होता. ओल्या शर्टाने काच पुसून ओल्याच बोटाने ती हलवायचा खटाटोप मी चार-पाच वेळा केला आणि फोन पिशवीत टाकला.

यंत्राला मात्र बटणे होती. पाण्याने सुरकुतलेल्या अंगठ्याने ती दाबत गेल्यावर सकाळी आम्ही चढून आलो त्या वाटेची काळी रेघ करड्या पडद्यावर उमटली. आमचे टिंब त्या रेघेपासून चाळीस मीटर उजवीकडे होते. इथे एक फजिती सांगायलाच हवी. मंदिराशी मी सेल बदलले होते आणि सेल बदलल्यावर आतले होकायंत्र पुन्हा जुळवून घ्यावे लागते, ते मी केलेले नव्हते. त्यामुळे उभे राहून पाहिले की बाण भलतीकडे, आणि दहा पावले चालले की योग्य दिशेला, असा प्रकार सुरू झाला. शेवटी होकायंत्र बंद करून चालत-चालतच दिशा घेतली आणि पंधरा मिनिटांत रेघेवर आलो. डोंगरासाठी ते हवे असे सुरुवातीला म्हटले, त्याचे खरे कारण हेच. पुढची वाट यंत्र कितपत दाखवते हा प्रश्न वेगळा. मागची वाट ते पावसात, थंडीत, बिनबोभाट लक्षात ठेवते, आणि माझ्या मते त्याच्या किमतीपैकी पंधरा हजार तरी या एका गुणाचे आहेत.

पुढची वाट सांगणे त्याला का जमत नाही, हे नकाशांपाशी येऊन ठेपते. यंत्रासोबत आलेल्या नकाशात महामार्ग, रेल्वे आणि मोठी गावे एवढेच होते. मी ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या खुल्या नकाशावरून तयार केलेला नकाशा त्यात भरला. तो फुकट मिळतो आणि सह्याद्रीतल्या कितीतरी पायवाटा, पाण्याची टाकी, खिंडींची नावे त्यात हौशी भटक्यांनी स्वतः चालून घातलेली आहेत. परंतु घातलेली प्रत्येक वाट चालतीच असते असे नाही. एकाने गुरांच्या मागे जाऊन नोंदवलेली ढोरवाट आणि पिढ्यान्‌पिढ्या मळलेली घाटवाट, दोन्ही त्या नकाशात सारख्याच तुटक रेघेने दिसतात. 

याहून धोकादायक बाब समोच्च रेषांची, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषांची आहे. अशा नकाशांतली उंची बहुतेक वेळा फेब्रुवारी २००० मध्ये अमेरिकी अवकाशयानातून रडारने केलेल्या मोजणीवरून घेतलेली असते, आणि त्या मोजणीत साधारण तीस मीटरांच्या चौकोनाला एकच आकडा असतो. हरिश्चंद्रगडाच्या कोकणकड्यासारखा पोटात शिरलेला कडा या चाळणीतून गाळला की कागदावर तो नुसता तीव्र उतार होऊन बसतो. पडद्यावर ‘इथून उतरता येईल’ असे वाटणारी जागा प्रत्यक्षात सरळ तुटलेली असते. सह्याद्रीच्या पश्चिम धारेवर तरी समोच्च रेषा पाहून उतरण्याची वाट कोणीही ठरवू नये.

डिसेंबरात गडाच्या कोकणाकडील पायथ्याच्या बेलपाड्याहून नळीच्या वाटेने चढलो तेव्हा यंत्राची दुसरी मर्यादा समजली. दोन्ही बाजूंना कातळभिंती आणि डोक्यावर आकाशाची पट्टी, अशा जागी उपग्रहांचे संदेश थेट न येता भिंतींवर आपटून येतात आणि तेवढा उशीर यंत्राला अंतर वाटतो. घरी येऊन संगणकावर पाहिले तर आमची रेघ नळीतून वर जाण्याऐवजी तीनदा कड्याच्या पोटात शिरलेली आणि एकदा चक्क हवेत गेलेली होती. त्या दिवशीचे अंतरही त्यामुळे वाढून आले. जेवायला थांबलो त्या जागी तर कोळ्याच्या जाळ्यासारखी गुंतवळ तयार झाली होती. आम्ही तासभर बसलेलो असताना यंत्राच्या हिशेबी बरेच चाललो होतो. तेव्हापासून लांब विश्रांतीत नोंद थांबवतो. पडद्यावर जो ‘अचूकता ४ मीटर’ असा आकडा दिसतो तो यंत्राचा स्वतःविषयीचा अंदाज असतो, आणि नळीत तो अंदाज फारच आशावादी निघाला.

त्या वाटेवर बरोबर आलेल्या गावातल्या मामांनी यंत्र हातात घेऊन बराच वेळ न्याहाळले आणि एका कातळाखालच्या झिऱ्यापाशी थांबून म्हणाले, “इथलं पाणी होळीपर्यंत टिकतं, हे त्यात लिवून ठेवा.” मी खूण केली, पण यंत्रात देवनागरी लिहिता येत नसल्याने ‘पाणी होळी’ हे रोमन अक्षरांत, एकेक अक्षर बटणाने निवडत लिहावे लागले. मामा तोवर विडी संपवून उभे होते. आज माझ्या यंत्रातली सर्वांत कामाची खूण तीच आहे.

खुणांवरून आठवले. अंश आणि मिनिटे लिहिण्याच्या तीन पद्धती आहेत, आणि त्यांची सरमिसळ झाली की काय होते हे मी सप्टेंबरात पाहिले. एका मित्राने हरिश्चंद्रगडावरची एक जागा ‘१९ अंश २३.२ मिनिटे, ७३ अंश ४६.६ मिनिटे’ अशी पाठवली होती. दुसऱ्याने ती १९.२३२ आणि ७३.४६६ अशी भरली. वरवर पाहता आकडे तेच, पण अंशात साठ मिनिटे असतात, शंभर नव्हेत. खरे आकडे १९.३८७ आणि ७३.७७७ असे हवे होते. गडावरची ती जागा घाटाखाली, मुरबाडच्या जवळ जाऊन पडली, म्हणजे दक्षिणेला सतरा आणि पश्चिमेला बत्तीस-तेहेतीस किलोमीटर. इतकी मोठी चूक लगेच लक्षात येते. पण शेवटच्या घरातली छोटी गडबड मात्र खपून जाते आणि माणूस शेजारच्या सोंडेवर जातो. गटातल्या सगळ्यांची यंत्रे आणि फोन निघण्यापूर्वी एकाच पद्धतीवर आणावेत.

उंचीच्या बाबतीत यंत्र वायुभारमापक, म्हणजे हवेचा दाब मोजणारे साधन, नसलेल्या फोनांना मागे टाकते, कारण त्यात ते आहे. मात्र हवा बदलली की आकडाही बदलतो. दाब एका मिलिबारने उतरला तर यंत्राला आपण आठ-नऊ मीटर चढल्यासारखे वाटते. कळसूबाईच्या १६४६ मीटर उंचीच्या माथ्यावर त्याने सुरुवातीला १६१२ दाखवले. तिथेच आकडा जुळवून घेतला. काही फोन-अ‍ॅप तर समुद्रसपाटीऐवजी पृथ्वीच्या गणिती लंबगोलापासूनची उंची दाखवतात आणि आपल्या भागात या दोहोंत साठाहून अधिक मीटरांचे अंतर आहे. म्हणून अलिबागच्या वाळूत उभे राहून फोनवर उणे साठ-पासष्ट मीटर दिसले तर घाबरण्याचे कारण नाही.

सेटिंगमध्ये ‘वास/एग्नॉस’ या अमेरिकी-युरोपी नावांखाली जी सोय असते ती भारतात सुरू ठेवावी. इस्रो आणि विमानतळ प्राधिकरणाची ‘गगन’ ही जागेतली चूक कमी करणारी दुरुस्ती-प्रणाली त्याच साच्यातली आहे. ‘नाविक’ ही भारताची स्वतःची उपग्रह-प्रणाली मात्र माझ्या यंत्राला ऐकू येत नाही, आणि त्याचे मला फारसे वैषम्य वाटलेले नाही. अमेरिकेचे जीपीएस, रशियाचे ग्लोनास आणि युरोपचे गॅलिलिओ मिळून आकाशात पुरेशी गर्दी असते.

सेलचा हिशेब थोडक्यात सांगतो. खोक्यावर २५ तास लिहिलेले होते. चार्ज होणाऱ्या दोन पेन्सिल सेलवर, होकायंत्र सुरू ठेवून, मला सोळा-सतरा तास मिळाले. यंत्राला सेलचा प्रकार सांगावा लागतो, नाहीतर चार्ज होणाऱ्या सेलचा मुळातच कमी असलेला १.२ व्होल्टचा दाब पाहून ते अर्ध्या दिवसात ‘सेल संपत आले’ म्हणून ओरडू लागते. पायथ्याच्या गावातल्या दुकानात पेन्सिल सेल मिळतात, हा फायदा आतच बसवलेल्या बॅटरीच्या यंत्रांना नाही.

आता गाडी. काचेला चिकटवून हे यंत्र मी ताम्हिणीमार्गे कोकणात दोनदा नेले आणि दुसऱ्या वेळी माणगाव येण्याच्या आत उतरवून ठेवले. सव्वादोन इंची पडदा चालवताना वाचायचा म्हणजे रस्त्यावरची नजर काढायची. माझ्याकडे गाडीसाठीचे एक जुने, मोठ्या पडद्याचे यंत्रही आहे. त्याचे नकाशे येणे केव्हाच थांबले आहे. पुण्याच्या चांदणी चौकातला जुना पूल ऑक्टोबर २०२२ मध्ये पाडला गेला, त्या यंत्रात तो अजून उभा आहे, आणि नव्या रॅम्पवरून जाताना ते मला कधी डोंगरात, कधी हवेत दाखवते. फोनवरच्या ताज्या नकाशांचीही तिथे एकावर एक असलेल्या रस्त्यांमुळे तारांबळ उडते, पण निदान रस्ते तरी त्यांना ठाऊक असतात. वाहतुकीची कोंडी, बंद घाट, नवा बोगदा या गोष्टी उपग्रह सांगत नाहीत, त्या रेंजवरूनच येतात. तेव्हा गाडीसाठी फोन, चांगला घट्ट स्टँड आणि घाटभागाचा आधी उतरवलेला नकाशा एवढे पुरे. ऑक्टोबर २०२० पासून लागू झालेल्या केंद्रीय नियमानुसार चालवताना फोनचा उपयोग केवळ मार्ग पाहण्यासाठी, आणि तोही लक्ष विचलित न होता, करता येतो. हातात धरून नव्हे.

परदेशातून मागवणाऱ्यांसाठी एक गोष्ट गंभीरपणे लिहितो. दिसायला अगदी अशीच, पण उपग्रहामार्फत संदेश पाठवू शकणारी यंत्रेही मिळतात. नुसते ऐकणारे जीपीएस यंत्र बाळगायला अडचण नाही. परंतु उपग्रहाशी बोलणारी यंत्रे दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात वापरता येत नाहीत, आणि अशा वस्तू सामानात सापडल्यावर विमानतळावर पर्यटकांना पोलिसांना सामोरे जावे लागले आहे. अमेरिकेतल्या नातेवाइकाने प्रेमाने पाठवलेली भेट असली तरी खोक्यावरचा मजकूर आधी वाचावा.

तक्रार एकच उरते. ऑगस्टअखेर सेलच्या झाकणाखालची रबरी कडी सैल झाली आणि आत ओल दिसू लागली. यंत्र एक मीटर पाण्यात अर्धा तास टिकते असे प्रमाणपत्र असले, तरी ते कडी जागेवर असतानाचे. दुरुस्ती केंद्राने पूर्ण झाकणच बदलायला सांगितले आणि त्याला पाच आठवडे लावले. ते पाच आठवडे नेमके पावसाचे होते. आता प्रत्येक ट्रेकनंतर झाकण उघडून कडी पुसतो, सेल काढून ठेवतो, आणि पुन्हा सेल घातले की आधी होकायंत्र जुळवतो.